अंदमानात पाच दिवस आणि सुटलेली चौथी गाठ

निघण्याआधी

आमच्या गुहागरच्या घरी पडवीत खुंटीला अजून काकांची गरीची फळी लटकते. आंब्याच्या फळीचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना खाच, त्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, शेवटी शिशाची गोळी आणि गंजलेली गरी, म्हणजे गळ. रॉड नाही, रीळ नाही. काकांच्या उजव्या तर्जनीवर तंगुसाने कापल्याचा पांढरा वळ आहे. "वढतो तवर सोडायचा, दमला की घ्यायचा," एवढंच त्यांचं शास्त्र. मी मात्र अंदमानात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं म्हणून तेवीस किलो सामान बांधलं होतं, आणि त्यात मासा वजन करायचा काटा नव्हता हे पुढे अंगाशी येणार होतं.

सोबत माझा मित्र, दातांचा डॉक्टर. निघण्याच्या आधीच्या रविवारी त्याच्या पुण्यातल्या गच्चीवर आम्ही रिळं भरली. मुख्य दोरीला आम्ही ब्रेड म्हणतो. खायच्या ब्रेडशी संबंध नाही, ही इंग्रजीतली वेणी. आठ बारीक धाग्यांची वेणी, पॉलिथिलीनच्या एका फार मजबूत जातीची. हिची जाडी जपानी मापाने मोजतात: पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर. आकडा वाढतो तशी जाडी सरळ वाढत नाही, धाग्याचं वजन वाढतं. म्हणून पीई ८ ही आठपट जाड नसते, अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आतच असते. तेवढ्या दोरीला आमच्या डब्यावर शंभर पाउंड, म्हणजे पंचेचाळीस किलो ताकद लिहिलेली होती. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शिवणाच्या दोऱ्याने बैल बांधतोस काय?"

ब्रेड गुळगुळीत असते. रिळाच्या उघड्या धातूवर ती पकडच घेत नाही. सगळा गुंडा आतल्या आत गरगर फिरतो आणि आपल्याला वाटतं ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक, बिघडला. म्हणून आधी तळाला नायलॉनचे दहा-पंधरा वेढे आणि मग ब्रेड. तीही ओली करून, जाड फडक्यात दाबून, जोर लावून भरायची. सैल भरली तर मोठा मासा ओढताना वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि तिथेच तुटते. तीनशे मीटर भरायला आम्हाला दीड तास लागला. डॉक्टरच्या बायकोने दोनदा चहा आणला आणि तिसऱ्यांदा फक्त बघून गेली.

पहिला दिवस

पुणे, चेन्नई, मग समुद्रावरून सव्वादोन तास. विमानतळाच्या पाटीवर आता श्री विजयपुरम आहे, २०२४ पासून. रिक्षावाला मात्र पोर्ट ब्लेअरच म्हणाला. रॉडची लांब नळी रिक्षात मावेना. शेवटी ती दोन्ही बाजूंनी बाहेर काढून, भाल्यासारखी धरून आम्ही मुक्कामी पोचलो.

अंदमानात सूर्य आपल्या घड्याळाचं ऐकत नाही. वेळ पुण्याची, सूर्य जवळजवळ ब्रह्मदेशाचा. फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास संध्याकाळ संपते. जेवून खोलीत आलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि वाटत होतं मध्यरात्र झाली. बोट सकाळी साडेचारला. म्हणजे गाठी आत्ताच मारायच्या.

ब्रेड थेट लुअरला, म्हणजे नकली आमिषाला, का बांधत नाहीत, हे मला पहिल्या वर्षी कोणी नीट सांगितलं नव्हतं. ब्रेडला ताण सोसतो, घासणं सोसत नाही. प्रवाळाच्या कडेला नुसती टेकली तरी संपली. शिवाय ती ताणली जात नाही, त्यामुळे माशाचा प्रत्येक झटका थेट गाठीवर. म्हणून शेवटच्या काही हातांत जाड, एकसंध धागा जोडायचा, तो लीडर. तो नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा. नायलॉन ताणतं, झटका खातं, पाण्यात सावकाश बुडतं. पाण्याच्या वर चालणाऱ्या लुअरला, पॉपरला, ते बरं. फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोनपट जड, पृष्ठभाग कडक, पाण्यात कमी उठून दिसतं. खोल सोडायच्या जड लुअरला, जिगला, ते. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली फ्लुरोकार्बनचा लीडर बाजारात आणला, त्याआधीचे लोक नायलॉनवरच मोठाले मासे काढत होते. आजही दुकानदार जितकं सांगतो तितकं ते सगळीकडे लागत नाही असं माझं मत.

आम्ही पॉपरसाठी १७० पाउंडी नायलॉन घेतलं होतं. आता अडचण अशी की अर्ध्या मिलिमीटरची निसरडी वेणी आणि मिलिमीटरभर जाडीचा कडक धागा, ही दोघं एकमेकांना बांधायची. तीही अशी की फेकताना गाठ रॉडच्या कड्यांतून खडखड न करता जाईल. यासाठी एफजी नावाची गाठ आहे. तिला गाठ म्हणणंही चूक, कारण लीडरला कुठे गाठ पडतच नाही. तो सरळ राहतो आणि पोफळीवर मिरीचा वेल चढावा तशी ब्रेड त्याच्या अंगावर चढते.

करायची रीत अशी. ब्रेड कडक ताणून धरायची. लीडर तिच्यावर आडवा ठेवून एकदा वरून, एकदा खालून असा फिरवत जायचा. ब्रेड जागची हलत नाही, लीडर हलतो. प्रत्येक फेरीला एक वेढा या अंगाने, पुढचा त्या अंगाने बसतो, असे वीस-बावीस. मग बोटांत दाबून धरून दोन अर्धगाठी, आणि त्यानंतर खरं काम: हातमोजे घालून, दोन्हीकडून, अंगातला सगळा जोर लावून आवळायचं. ओलं करून. आवळली गेली की ब्रेडचा रंग बदलतो, गडद होतो, ओल्या पानासारखा. तो रंग आला नाही तर गाठ बसलेलीच नाही. मग लीडरचं उरलेलं टोक कापायचं आणि वरून आणखी अर्धगाठी.

टोक काही जण लायटरने वितळवून त्याची गोळी करतात. मी करत नाही. नायलॉन दोनशे अंशांच्या पुढे वितळतं आणि ही ब्रेड दीडशेच्या आसपासच. म्हणजे टोक शेकताना शेजारची ब्रेड आधी मरते आणि मेलेली दिसतही नाही.

पहिली गाठ झाली. गडद रंग आला. दुसरी झाली. तिसरीच्या वेळी वीज गेली, डोक्यावरच्या विजेरीत केली. "दातांनी ओढू नकोस," डॉक्टर म्हणाला. "ब्रेडने दाताचा मुलामा जातो, मी रोज असले दात बघतो." चौथी मारताना पावणेअकरा झाले होते. हातमोजे पिशवीच्या तळाशी गेले होते. हातानेच ओढली, रंग विजेरीत ठीक वाटला, अर्धगाठी मारल्या आणि झोपलो. चौथा रॉड राखीवच तर होता.

दुसरा दिवस

कप्तान मूळ बंगाली, अंदमानात जन्मलेला. डेकवर त्याच्यासोबत मायाबंदरकडचा एक कॅरेन माणूस. कॅरेन लोकांना इंग्रजांनी १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून उत्तरेकडे वसवलं. जंगल आणि समुद्र दोन्हींत पाय असलेली माणसं. हा पन्नाशीचा, बुटका, अनवाणी. आम्ही त्याला 'भाई' म्हणायला लागलो. त्याने आमच्या चारही रॉडच्या गाठींवरून नखाचा मागचा भाग फिरवला. चौथीवर तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता रॉड जागेवर ठेवला. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

पश्चिमेकडे नॉर्थ सेंटिनलच्या बाजूला फिरकायला बंदी, सागरी उद्यानाच्या हद्दीत मासेमारीला बंदी. परवाना आणि नकाशा कप्तानाकडे. आम्ही दक्षिणेला खडकांच्या रांगेवर गेलो. पाणी वर निळं आणि खडकापाशी एकदम हिरवट. त्या रेघेवर पॉपर टाकायचा. दीडशे ग्रॅमचा, तोंड खोलगट, ओढला की 'ढुब्' करून पाणी उडवतो. पन्नास मीटरवर फेकायचा, झटके देत आणायचा, पुन्हा फेकायचा. तासाभरात खांदे बोलायला लागतात. गरवणं म्हणजे बसून राहणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा करावं.

लीडर किती लांब ठेवायचा यावर बोटीवर वाद झाला. मी दोन वाव ठेवला होता (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर), वावाच्या मापात मोजायची सवय काकांची. फेकताना गाठ कड्यांतून आत-बाहेर होत होती. एफजी बारीक असते, जाते, पण दिवसभरात शे-दीडशे वेळा ठोकर खाते. कप्तानाचं म्हणणं, सव्वा वाव पुरे, गाठ रॉडच्या टोकाबाहेर राहू दे. डॉक्टर म्हणाला, खडकावर घासायला लांब लीडर हवा. दोघंही बरोबर होते. मी डॉक्टरच्या बाजूने राहिलो. आंतरराष्ट्रीय नोंदी ठेवणाऱ्या आयजीएफए या संस्थेचेही यावर नियम आहेत: वीस पाउंडांवरच्या दोरीला दुहेरी दोर आणि लीडर मिळून चाळीस फूट, त्याहून जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. आमच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवणार नव्हता.

नऊच्या सुमारास पहिला मासा आला. जायंट ट्रेव्हली, आपल्या कोकराचा थोरला भाऊ. सगळे त्याला जीटी म्हणतात. पॉपरमागे आधी फुगवटा आला, मग पाण्याला भोक पडल्यासारखं झालं. अठरा-वीस किलोचा असावा. कप्तानाने बोट खडकापासून दूर नेली, वीस मिनिटांत मासा बाजूला. पॉपरच्या गऱ्या, म्हणजे काटे, उलट दात नसलेले. सुटला तसा परत सोडला. लीडरवरून नख फिरवलं तर दोन ठिकाणी खरखरीत लागलं. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नवीन बांधायचं, हा नियम. पण मासे वर आले होते, पक्षी घिरट्या घालत होते. मी तो रॉड ठेवला आणि राखीव उचलला. चौथा.

तिसऱ्या फेकीला लागला. याला मी पाहिलंच नाही. पॉपर होता आणि मग नव्हता. ड्रॅग मी दहा किलोवर लावला आहे असं मानत होतो. दोरी तरी पळतच होती. ड्रॅगबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. रिळावरची दोरी कमी होते तसा गुंड्याचा घेर लहान होतो आणि तोच ड्रॅग माशाला जास्त जड लागतो. घेर निम्मा झाला तर जोर दुप्पट. कोणी बटण फिरवलेलं नसताना. शंभरेक मीटर गेली असेल. मी कमरेतून मागे वाकलेलो. आणि एकदम काही नाही. मी मागे डॉक्टरवर पडलो.

दोरी गुंडाळून घेतली. भाईने टोक हातात घेतलं, उन्हात धरलं. तुटलेलं टोक वाचायचं असतं. दातांनी कापलं असेल तर सुरीने कापल्यासारखं स्वच्छ. खडकाने घासलं असेल तर टोकाला पिसारा, आणि मागचा हातभर भाग केसाळ. हे दोन्ही नव्हतं. ब्रेड शाबूत होती, टोकाची दहा-बारा सेंटिमीटर नागमोडी, नुकत्याच सोडलेल्या वेणीतल्या केसांसारखी.

"ये मछली ने नहीं तोड़ा," भाई म्हणाला. "ये खुल गया."

कप्तान समुद्राकडे बघत राहिला. कोणी मला बोल लावला नाही, त्यामुळे जास्त लागलं. कुठेतरी एक मासा तोंडात पॉपर आणि मागे दोन वाव लीडर घेऊन फिरत होता. उलट दात नसलेले काटे बहुधा झटकून टाकतो, असं डॉक्टर म्हणाला. बहुधा.

संध्याकाळी धक्क्यावर भाईने मला त्याची रीत दाखवली. ब्रेड पायाच्या अंगठ्याला वेढे देऊन गुंडाळायची, दुसरीकडे रॉड वाकवून खुंटीला. ब्रेड सतारीच्या तारेसारखी वाजली पाहिजे. सैल ब्रेडवर घेतलेले वेढे पोकळ बसतात आणि नंतर कितीही ओढलं तरी पोकळी जात नाही. हेच माझं चुकलं होतं. मी शेवटच्या आवळण्यावर भरवसा ठेवत होतो, भाई वेढे घेतानाच्या ताणावर. बांधून झाल्यावर त्याने ब्रेड बोटीच्या खुंटीला अडकवली, लीडर हातमोज्यावर गुंडाळला आणि सगळं वजन टाकून मागे झुकला. मग मला म्हणाला, "आप झुको." मी झुकलो. त्या संध्याकाळी मी नऊ गाठी मारल्या. सहा त्याने कापल्या.

तिसरा दिवस

आग्नेयेला इनव्हिजिबल बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. अडीच-तीन तास जायचं, भोवती नुसतं पाणी, आणि मध्येच फ्लॅट रॉक हा खडक जेमतेम डोकं काढतो, त्यावर लाट फुटते. नकाशात दाखवेपर्यंत माणसाला पटत नाही की खाली डोंगर आहे.

इथे जिग. अडीचशे ग्रॅमचं लांबट लोखंड शंभर मीटर खाली सोडायचं आणि झटके देत वर आणायचं. जिगला काटा खाली नसतो, वरच्या कडीला आखूड दोरीने दोन काटे लोंबतात, कारण तळाला घासताना खालचा काटा खडकात अडकतो आणि मासाही बऱ्याचदा डोक्याकडूनच घेतो. खोल पाण्यासाठी मी पीआर गाठ घरूनच करून आणली होती. ती बॉबिनने करतात, दोरी भरलेला छोटा चाक गरगर फिरवून ब्रेड लीडरवर सुतळीसारखी गुंडाळायची. दिसायला फार देखणी. पण हलत्या बोटीवर बॉबिन फिरवताना मी तो डॉक्टरच्या कपाळावर आपटला, त्यामुळे पुढच्या सगळ्या एफजीच झाल्या.

डॉगटूथ ट्यूना लागला डॉक्टरला. आपल्या कुप्याच्या कुळातला, पण दात कुत्र्यासारखे. तो एकच करतो: सरळ खाली, पठाराच्या कडेवरून अंधारात. दोन मिनिटांत ब्रेड कडेला घासली. टोक वर आलं तेव्हा पिसारा फुटलेला, मागचा दीड वाव केसाळ. भाईने ते माझ्यासमोर धरलं. "ये देखो. ये टूटा है." गाठ निर्दोष होती हे डॉक्टरने दिवसभरात मला सहा वेळा सांगितलं.

दुपारी पॉपरमागे इसवण आली, घाटावर जिला सुरमई म्हणतात ती. दोन लीडर एका मागून एक, सुरीने कापल्यासारखे स्वच्छ. दातांना नायलॉन काय आणि फ्लुरोकार्बन काय. मग तार काढली. पोलादी एकेरी तारेला गाठ बसत नाही, पीळ द्यायचा असतो. आधी दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे, क्रॉस पडत जातील असे तीन-चार पीळ, मग टोकाचे घट्ट कड्यासारखे वेढे. फक्त कड्यांवर भागवलं तर तार सरकते. नुसते क्रॉस ठेवले तर उलगडते. शेवटी टोक पकडीने कापायचं नाही. त्याला सायकलच्या पायडलसारखा कोन द्यायचा आणि मागे-पुढे हलवून मोडायचं. कापलेल्या तारेचं टोक नंतर हात फाडतं, आणि ते टोक शोधायला प्रत्येकाला एकदा तरी रक्त काढावं लागतं. मी काढलं. तारेने मासे जरा बिचकतात, हे खरं. तरी तिसऱ्या वेळी इसवण वर आली, सहा किलोची, आणि ती मात्र सोडली नाही. रात्री तिचं कालवण कप्तानाच्या घरी झालं, मोहरीच्या तेलात, आणि डॉक्टरने तोंडावर न आणता ते पूर्ण संपवलं.

चौथा दिवस

वारा. बोट नाही.

सकाळी सेल्युलर जेल. मराठी माणूस इथे येऊन सावरकरांची कोठडी न बघता परत जात नाही, आम्हीही गेलो. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो सूर वेगळा. एवढंच, की कैद्यांना नारळाची सोडणं कुटून काथ्या काढावा लागे आणि त्याची दोरी वळावी लागे, ठरलेल्या वजनाची, रोज. मी खिशात हात घातला तर कालच्या ब्रेडचा तुकडा लागला. तो काढून फेकून दिला.

दुपारी अबर्डीन बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रिंगचा काटा घेतला, भंगारवाले वापरतात तसा. मुक्कामी येऊन डॉक्टरने रॉड वाकवून धरला आणि मी काट्याने ब्रेड ओढली. दहा किलो समजून लावलेला माझा ड्रॅग चौदावर सुटत होता. हाताच्या अंदाजाला काही अर्थ नसतो. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढा ड्रॅग ठेवतात. पंचेचाळीस किलोला चौदा म्हणजे वरची कडा. त्यात शंभर मीटर गेल्यावर वाढलेला भार धरा. नीट बसलेली गाठ तेही सोसते. चौथीचा गुन्हा कमी होत नाही, पण तिला मी वागवलं कसं तेही कळलं.

मग बिमिनी नावाची गाठ. ब्रेड दुहेरी करून तिला पन्नासेक पीळ द्यायचे, मग गुडघ्यांनी फाकवत पीळ दाबायचे आणि मोकळं टोक त्याच पिळांवर परत उतरवायचं. जमली तर दोरीची जवळजवळ सगळी ताकद राखते. एकट्याने करताना गुडघे लागतात, दोघांनी करताना भांडण लागतं. आम्हाला तिची गरज नव्हती. वारा होता आणि बिमिनी राहिली होती, एवढंच.

चारला काकांना व्हिडिओवर लावलं. भाईची अंगठ्याची रीत दाखवली. काका बराच वेळ बघत राहिले. "बरी आहे," म्हणाले. "गरी कशी बांधता?"

मी पॉपरच्या कडीची गाठ दाखवली: जाड नायलॉनला तीन-चारच फेरे, कारण जास्त घेतले तर बसत नाहीत, आवळण्याआधी थुंकी, नाहीतर घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

"ती कडीची. मी गरीची विचारतोय. आमच्या गरीला डोळा नसायचाच. दांडी चपटी. तंगूस दांडीवर आडवा घ्यायचा, फास ठेवायचा आणि सात वेढे, गरीकडून वर. टोक आतून. मग वढ. तंगूस दांडीच्या रेषेत आला पाहिजे, म्हणजे मासा तोंड मिटतो तेव्हा गरी वळते."

डॉक्टर जिगचे काटे बांधत होता. त्याने हातातलं थांबवलं आणि काट्याकडे पाहिलं. तो गेली चार वर्षं परदेशी व्हिडिओ बघून जी स्नेल बांधत होता, ती हीच. फक्त तो पाच वेढे घेत होता.

"काका, याला स्नेल म्हणतात," तो म्हणाला.

"म्हणू देत," काका म्हणाले.

पाचवा दिवस

वारा पडला. पुन्हा दक्षिणेची रांग. चार रॉड, चारही गाठी अंगठ्यावर ताणून बांधलेल्या, खुंटीला झुकून पाहिलेल्या, ड्रॅग काट्यावर बारा. भाईने नख फिरवलं. कुठे थांबला नाही.

साडेदहापर्यंत काही नाही. मग दोन लहान जीटी, पाच-सहा किलोचे. प्रत्येकानंतर मी लीडर बोटांतून ओढून पाहिला आणि दुसऱ्यानंतर कापून पुन्हा बांधला. मध्ये पक्षी आले आणि गेले, डॉक्टर 'टाक ना आता' करत होता. सहा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

मग शेवटच्या खडकाच्या टोकाला लाट परत फिरते तिथे पॉपर पडला आणि दोन 'ढुब्'नंतर पाणी आत गेलं. या वेळी मासा दिसला, आडवा वळताना, काळसर, रुंद. दोरी गेली. ऐंशी मीटर, थांबला, परत पंचवीस. कप्तानाने बोट बाहेर खेचली, मी फक्त उभा राहिलो. एकदा ब्रेडमधून घरघर आली, म्हणजे लीडर खडकाला लागला. दोन सेकंद. मग मोकळा.

पस्तीस मिनिटं. अंदाजे तीस किलो. स्प्रिंगचा काटा मुक्कामी टेबलावर राहिला होता, त्यामुळे अंदाजच. जगातला मोठ्यात मोठा नोंदलेला २००६ साली जपानच्या तोकारा बेटांपाशी निघाला, ७२.८ किलोचा, हा त्याच्या निम्म्याहून कमी. मला पुरे होता. भाईने शेपटीला धरून त्याला बोटीच्या बाजूने पाण्यात पुढे-मागे केलं, कल्ले चालायला लागले आणि तो सावकाश खाली गेला. लीडर एका अंगाने पाऊण हात सोललेला होता. एफजीचा रंग गडद, वेढे जागच्या जागी. मी तेवढा भाग दोन्हीकडून कापून शर्टाच्या खिशात घातला.

नंतर

होळीला गुहागरला गेलो तेव्हा तो तुकडा नेला. काकांनी चष्मा काढून तो डोळ्याजवळ धरला, नख फिरवलं, दोन्ही टोकं धरून ओढून पाहिला. मग पडवीतला दिवा बंद केला आणि अंधारात एक दोरी आणि एक तंगुसाचा तुकडा माझ्या हातात दिला.

"बांध," म्हणाले. "रात्री खाडीत दिवा कोण धरणारे तुझ्यासाठी?"

अकरा मिनिटं लागली. तरी काकांनी ती एका झटक्यात सोडवली.